मोर्चा एक, मथळे नऊ

प्रश्न: तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे रोज नऊ वर्तमानपत्रं येतात. मोठा मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी वाचनाच्या टेबलावर जुंपते. एक म्हणतो, "हा पेपर विकला गेलाय", दुसरा म्हणतो, "तुमचा तर पक्षाचाच आहे". आता कार्यकारिणीनं सांगितलंय की दहावी-बारावीच्या मुलांसाठी दर शनिवारी "बातमी कशी वाचावी" असं काहीतरी घ्या. मुलं पहिल्याच दिवशी विचारणार, "यातलं खरं कोण बोलतंय?" मला उत्तर सुचत नाही. शिवाय कार्यकारिणीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत, त्यामुळे उगाच वादही नको. नेमकं काय आणि कसं करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

मुलांचा प्रश्न आधी जरा वळवून घ्या. "खरं कोण बोलतंय" असं विचारलं की मुलं एकेका पेपरची बाजू घेतात आणि टेबलावरच्या मोठ्या माणसांसारखीच भांडू लागतात. "कोणी काय निवडलं" असं विचारलं की त्यांना पेपर उघडून बघावाच लागतो.

मोर्चाच्या बातमीत दोन तऱ्हेचा मजकूर असतो. काही मजकूर पडताळून पाहता येतो: तारीख, मार्ग, मागण्यांचं निवेदन, पोलिसांची परवानगी, किती जणांना अटक झाली, किती जखमी झाले, सरकारनं लेखी काय दिलं. बाकीचा निवडलेला असतो: मथळा, फोटो, पहिलं वाक्य, कोणाला बोलू दिलं, बातमी कोणत्या पानावर बसवली. पहिल्या बाबतीत नऊपैकी आठ पेपर बहुतेक वेळा जुळतात, भांडण पेटतं ते दुसऱ्यावरून. ही जी निवड, तिला आपण मांडणी म्हणू. मांडणी वेगळी असली म्हणजे बातमी खोटी ठरत नाही. खोटी बातमी ही निराळीच गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

सुरुवात मात्र कालच्या मोर्चापासून करू नका. कालचा मोर्चा अजून घराघरात गरम असतो आणि त्याचा शेवट कोणालाच माहीत नसतो. शेवट ठाऊक असलेला जुना मोर्चा घ्या. मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च यासाठी फार चांगला आहे, कारण त्या एका आठवड्यात जवळजवळ सगळ्या प्रकारच्या मांडण्या सापडतात. ७ ते १४ मार्च २०१८ चे अंक काढा. तुमच्याकडच्या फाइली रद्दीत गेल्या असतील तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयात बांधीव फाइली विचारा.

पडताळता येणाऱ्या गोष्टी आधी एका कागदावर लिहून भिंतीला लावा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून मोर्चा निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला संध्याकाळी मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचला. तिथून मध्यरात्रीनंतर पुन्हा चालत १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर. त्याच दिवशी सरकारशी चर्चा झाली, लेखी आश्वासन मिळालं आणि आंदोलन मागे घेतलं गेलं. परतीसाठी रेल्वेनं विशेष गाड्या सोडल्या. मागण्या: वनहक्क कायद्याची अंमलबजावणी, कर्जमाफीच्या अटी काढणं, स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे (खर्चाच्या दीडपट) हमीभाव, आणि नार-पार, दमणगंगा या खोऱ्यांचं पाणी गुजरातला न देता महाराष्ट्रातच वळवणं.

एवढं डोळ्यांसमोर ठेवून मथळे वाचले की मांडण्या आपोआप वेगळ्या पडतात. एक वाहतुकीची: कोणता रस्ता बंद, कोणती कोंडी, पोलिसांचा पर्यायी मार्ग. दुसरी रक्ताळलेल्या पायांची. तिसरी मुंबईकरांच्या मोठ्या मनाची: कोणी पाणी दिलं, कोणी चपला वाटल्या, कोणी जेवण दिलं. चौथी लाल बावट्याची. तेव्हाच्या भाजप खासदार पूनम महाजन यांनी मोर्चाचा संबंध शहरी माओवादाशी जोडणारं विधान केलं आणि काही ठिकाणी दिवसभराची चर्चा त्या विधानाभोवतीच फिरत राहिली. पाचवी पक्षांच्या कुरघोडीची: कोणता नेता मैदानावर येऊन गेला, सत्तेत असून शिवसेनेनं पाठिंबा कसा दिला, सरकार कोंडीत सापडलं का. सहावी धोरणाची, म्हणजे ही माणसं मुळात का चालताहेत याची. सहावीला किती जागा मिळाली ते मुलांनाच मोजू द्या, तुम्ही सांगू नका.

इथे मुलं हमखास एक गडबड करतात. वाहतुकीची मांडणी वाईट आणि पायांची चांगली, असं ती पटकन ठरवून टाकतात. थांबवा त्यांना. फुटलेल्या तळव्यांचा फोटो बघून वाचकाचा जीव कळवळतो हे खरं, पण त्या फोटोतून तो माणूस मागतोय काय, हे कळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेत जातो, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. दावे अडकतात किंवा फेटाळले जातात ते या पायऱ्यांवर. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण-सुरगाण्याचा माणूस मुंबईपर्यंत चालत येतो तो त्या अडकलेल्या कागदासाठी. सहानुभूतीची बातमी हे सांगायचं विसरली तर वाचकाला ‘बिचारा शेतकरी’ तेवढा भेटतो. आणि बिचाऱ्याला संघटना नसते, नेता नसतो, निवेदनही नसतं. या मोर्चाला तिन्ही होतं.

याच मोर्चात आणखी एक बारीक गोष्ट घडली, ती मोठ्या मुलांना जरूर दाखवा. ही माणसं शेतकरी की आदिवासी? तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की मोर्चातले ९० ते ९५ टक्के लोक गरीब आदिवासी आहेत आणि वनजमिनीच्या हक्कासाठी लढताहेत. माहिती म्हणून यात चूक काढणं कठीण आहे. पण सातबारा नावावर नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या माणसाला ‘शेतकरी’ म्हटलं की प्रश्न कर्जमाफी आणि हमीभावाचा होतो, थेट राज्याच्या शेती धोरणावर येतो. ‘आदिवासी’ म्हटलं की तो वन आणि आदिवासी विकास खात्यांचा, काही तालुक्यांपुरता होतो. नावाबरोबर उत्तर देणारं खातंही बदललं. मुलांना प्रत्येक बातमीत ‘शेतकरी’, ‘आदिवासी’, ‘मोर्चेकरी’, ‘आंदोलक’, ‘कार्यकर्ते’, ‘जमाव’ हे शब्द किती वेळा आले ते मोजायला लावा. एकाच बातमीत मिरवणूक शांत असेपर्यंत ‘शेतकरी’ आणि दगड पडला की लगेच ‘जमाव’, हा बदल कोणत्या ओळीत होतो तेही बघायला सांगा. या मोर्चात दगड पडला नाही, म्हणून त्यासाठी दुसरा मोर्चा लागेल.

मांडणी फक्त पत्रकार करतात, असंही नाही. सोमय्या मैदानावर मुक्काम ठरला असताना थकलेली माणसं रात्रीच का उठून चालली? १२ मार्चला सोमवार होता आणि दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी हजारो माणसं रस्त्यावर आली असती तर परीक्षार्थी अडकले असते. आयोजकांनी विद्यार्थ्यांचा विचार केला हे खरंच. त्याचबरोबर ‘विद्यार्थी वेठीस’ हा तयार मथळाही त्यांनी कोणाच्या हाती लागू दिला नाही. एका रात्रीच्या चालण्यानं वाहतुकीची मांडणी मोडली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईकरांच्या कौतुकाची आली. सरकार पत्रकार परिषद घेऊन मांडणी करतं, पोलीस प्रेसनोट काढून करतात, आंदोलक टोपीचा रंग आणि रांगेची शिस्त यांतून करतात. पेपरात जे येतं ते या सगळ्या ओढाताणीतून उरलेलं असतं. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनातून तर १८ डिसेंबर २०२० ला ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचं त्यांचं स्वतःचंच पत्र निघालं. चॅनेलवाले आपल्याला दाखवतात तसे आपण नाही, अशी तक्रार करत बसण्यापेक्षा तो मार्ग बरा होता. पण तेही आंदोलकांचंच पत्र, म्हणून त्यालाही हीच मोजपट्टी लावायची.

आता प्रत्यक्ष काम. चार पेपर घ्या, नऊ नकोत. नऊ घेतले की नव्वद मिनिटांत एकही पुरा होत नाही. तारीख एकच, १३ मार्च २०१८. पहिल्या पानाच्या आणि जिथे बातमी पुढे चालू राहते त्या पानाच्या ए-थ्री झेरॉक्स काढा आणि पेपरचं नाव कागदाची पट्टी चिकटवून झाका. ही पट्टी विसरू नका, कारण नाव दिसलं की मुलं मजकूर वाचायच्या आधीच निकाल देतात. चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक पेपर द्या.

गटानं मोठ्या कागदावर या गोष्टी लिहायच्या: मथळा जसाच्या तसा, मथळ्यात कर्ता कोण, म्हणजे सरकार, शेतकरी, मुंबई की कोणीच नाही, फोटोत कोण आणि कॅमेरा कुठून लावलाय, पहिली मागणी कितव्या परिच्छेदात आली, गर्दीचा आकडा किती आणि तो कोणाच्या हवाल्यानं, बातमीला एकूण किती जागा. जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजतात. चार कॉलम रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच बातमी म्हणजे १०० कॉलम सेंटिमीटर. फोटो वेगळा मोजा, नाहीतर एका मोठ्या फोटोमुळे मजकूर भरपूर आहे असा भास होतो. झेरॉक्स लहान करून काढली असेल तर मोजमाप मूळ अंकावर घ्यायचं.

मग रंगीत पेन्सिली. अवतरणं आणि "असे त्यांनी सांगितले" छापाची वाक्यं रंगवायची: सरकार व पोलीस लाल, आंदोलक निळा, प्रवासी-व्यापारी हिरवा, जाणकार पिवळा. निळ्यातही नेते आणि चालणारी माणसं वेगळी करा, नेत्याखाली दोन रेघा मारा. पुष्कळदा निळा रंग भरपूर दिसतो, पण सगळा नेत्यांचाच असतो. चालणाऱ्या बाईचा आवाज बातमीत नसतो, तिचा फोटो तेवढा असतो.

क्रियापदांकडे वेगळी दहा मिनिटं द्या. मराठी पेपरांच्या ठरलेल्या शब्दांत पुष्कळ काही लपतं. "लाठीमार झाला", "पोलिसांनी लाठीमार केला" आणि "दगडफेक झाल्याने पोलिसांना लाठीमार करावा लागला" या तीन वाक्यांत घटना एकच. पहिल्यात कर्ताच गायब, तिसऱ्यात कारणासकट सफाई. शिवाय आपला जुना ‘सौम्य लाठीमार’ आहेच. तो सौम्य होता हे नेहमी लाठी ज्याच्या हातात असते त्यानं सांगितलेलं असतं, खाणाऱ्यानं नाही. ‘हिंसक वळण’, ‘गालबोट’, ‘वेठीस’, ‘धडकला’, ‘एल्गार’ हे शब्द कोणत्या मोर्चाला लागतात आणि कोणत्या नाही, याची एक यादी भिंतीवर लावून ठेवा, महिनाभरात ती फार बोलकी होते. बंद असला की ‘कडकडीत’, ‘उत्स्फूर्त’ आणि ‘संमिश्र प्रतिसाद’ हे तीन शब्द शोधा. एकाच शहरातल्या एकाच दिवसाच्या बंदाला तिन्ही मिळालेले सापडतील.

तुलना फसते ती बहुतेक वेळा आवृत्तीवरून. तालुक्याला पुष्कळदा डाक आवृत्ती येते. ती लवकर छापायला जाते, त्यामुळे रात्री उशिरा घडलेलं तिच्यात नसतं, शहर आवृत्तीत असतं. ११ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचं चालणं १२ तारखेच्या डाक आवृत्तीत नसेल तर त्यात काही लपवालपवी नाही, छपाईची वेळ आहे. तसंच एकाच पेपरच्या नाशिक आणि मुंबई आवृत्तीचं पहिलं पान वेगळं असतं. नाशिकला मोर्चा म्हणजे आपली माणसं निघाली, मुंबईला मोर्चा म्हणजे माणसं आली. एका पेपरची नाशिक आवृत्ती आणि दुसऱ्याची मुंबई आवृत्ती शेजारी ठेवून पक्षपात शोधला तर हाती चूकच लागेल. आवृत्तीचं नाव पेपरच्या नावाजवळ बारीक अक्षरात असतं. पट्टी चिकटवण्याआधी ते टिपून घ्या.

आणखी दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. मथळा बहुधा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो. म्हणून मथळा तिखट आणि बातमी मवाळ अशी जोडी दिसली तर त्यात नवल नाही, पण ती नोंदवा. बातमीच्या सुरुवातीला ‘वृत्तसंस्था’ असेल तर मजकूर एजन्सीचा आहे आणि दोन पेपरांत तोच मजकूर जवळजवळ तसाच सापडेल. अशा वेळी तुलना करायची ती काय कापलं याची. शेवटचे तीन परिच्छेद कोणी उडवले? मागण्या बऱ्याचदा तिथेच असतात. अग्रलेख आणि स्तंभ या कामात मुळीच घेऊ नका. तिथे मत देणं हेच काम आहे, त्याबद्दल त्यांना पकडणं बरोबर नाही.

गर्दीच्या आकड्यावर मुलं खूश असतात, कारण तिथे गणित आहे. लाँग मार्चचे आकडे त्या वेळच्या बातम्यांत साधारण तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दिसतात. त्यातला काही फरक तारखेचा आहे, कारण वाटेत माणसं वाढत गेली. आकड्यापुढे "पोलिसांच्या अंदाजानुसार" किंवा "आयोजकांच्या दाव्यानुसार" असं काहीच नसेल तर ती त्या बातमीची उणीव आहे, असं लिहून ठेवा.

अंदाज पडताळायची एक सोपी रीत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी ती रूढ केली. सैल गर्दीत एका माणसाला सुमारे १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार, आणि श्वास घ्यायला जागा नाही अशा गर्दीत अडीच. ४० फूट रुंद रस्ता एक किलोमीटर, म्हणजे ३,२८० फूट, भरला असेल तर क्षेत्रफळ १,३१,२०० चौरस फूट. सैल गर्दी असेल तर सुमारे १३ हजार माणसं, दाट असेल तर सुमारे २९ हजार. म्हणजे "रस्ता फुलून गेला" या एकाच वाक्यात दुपटीहून अधिक फरक मावतो. ही रीत उभ्या गर्दीची. चालणाऱ्या मोर्चासाठी एका पुलावर उभं राहून मोजायचं: एका रांगेत पाच माणसं आणि दर दोन सेकंदांना एक रांग गेली तर मिनिटाला १५०, तासाला ९ हजार. चाळीस हजारांना तो पूल ओलांडायला साडेचार तासांच्या आसपास लागतील. बातमीत ‘दोन तास वाहतूक ठप्प’ आणि ‘चाळीस हजार’ असे दोन्ही आकडे असतील तर मुलांना विचारा, रांग किती रुंद धरायची. उभ्या गर्दीच्या मोजणीत चहाटपऱ्या, दुभाजक, पोलिसांच्या गाड्या यांनी अडवलेली जागा वजा करायला सगळेच विसरतात, तेवढं बघा.

फोटोनंही आकडा बदलतो. लांब पल्ल्याच्या लेन्सनं समोरून काढलेल्या फोटोत पाचशे माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात. वरून, ड्रोननं काढला की त्याच माणसांमधली मोकळी जागा दिसते. फोटो सकाळी अकराचा की दुपारी तीनचा, हेही फोटोखालच्या ओळीत दिलेलं नसतं. आझाद मैदान सकाळी रिकामं दाखवता येतं आणि संध्याकाळी भरलेलं, दोन्ही फोटो खरे.

टीव्हीसाठी हा तक्ता चालत नाही. तिथे स्टॉपवॉच लागतं. अर्ध्या तासाचं एक बुलेटिन निवडा आणि वेगवेगळी दृश्यं किती, याची नोंद करा. चाळीस सेकंदांची झटापट वीस वेळा फिरवली की प्रेक्षकाला शहर पेटल्यासारखं वाटतं. पडद्याखालची पट्टी वेगळी लिहून काढा. अँकर तोंडानं प्रश्न विचारतो आणि पट्टी उत्तर देऊन मोकळी होते. पाहुण्यांच्या खिडक्या मोजा, प्रत्येकाला किती सेकंद सलग बोलू दिलं तेही मोजा. ‘फाइल फुटेज’ (म्हणजे जुनं चित्रण) असं लिहिलंय का, ते बघायला एक मुलगा नुसता त्याच कामाला बसवा.

खोटं आणि मांडणी यांतला फरक शिकवायला २६ जानेवारी २०२१ ची दिल्ली घ्या. वर सांगितलेल्या शेतकरी आंदोलनात सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवरून ट्रॅक्टर संचलनासाठी पोलिसांशी मार्ग ठरले होते. काही गट ते मार्ग सोडून मध्य दिल्लीतला आयटीओ चौक आणि लाल किल्ल्याकडे गेले, हिंसा झाली, पोलीस मोठ्या संख्येनं जखमी झाले. बातमी ठरलेल्या मार्गांवरच्या रांगांची द्यायची की लाल किल्ल्याची, हा निवडीचा प्रश्न, म्हणजे मांडणी. दोन्ही घडलं होतं. पण किल्ल्यावरचा तिरंगा उतरवून खलिस्तानी झेंडा लावला, असं जे पसरलं ते खोटं होतं. तिरंगा जागेवर होता आणि दुसऱ्या खांबावर चढवलेला झेंडा शिखांचा धार्मिक ध्वज, निशान साहिब होता. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूनंही घाई झाली. आयटीओजवळ एक आंदोलक पोलिसांच्या गोळीनं गेला, अशी बातमी पहिल्या तासांत फिरली. नंतर पोलिसांनी ट्रॅक्टर अडथळ्याला धडकून उलटल्याचं चित्रण दिलं आणि शवविच्छेदनातही गोळीची जखम नोंदली गेली नाही. कुटुंबानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही मुलांना सांगा. दोन्ही उदाहरणं एकाच दिवशी घ्या, एकच घेतलंत तर त्या शनिवारीच कार्यकारिणीतून फोन येईल.

कार्यकारिणीचं म्हणाल तर सरकार कोणाचं होतं याची अदलाबदल ठेवा. २०१८ ला राज्यात भाजप-शिवसेना होती. दुसऱ्या सत्रासाठी ९ ऑगस्ट २०११ चं मावळ घ्या, तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी नेण्याच्या विरोधात शेतकऱ्यांनी पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला. तिथेही द्रुतगती मार्गाची कोंडी, गोळीबार, विरोधी पक्षांचं राजकारण आणि पाणी अशा चार मांडण्या मिळतील. लाँग मार्चच्या तक्त्याशेजारी तो तक्ता लावला की कोणता पेपर सरकार बदलल्यावर बदलतो आणि कोणता कोणतंही सरकार असलं तरी पोलिसांच्या प्रेसनोटपासूनच सुरू करतो, ते दिसतं. दोन घटनांवरून कोणत्याही पेपरवर कायमचा शिक्का मात्र मारू देऊ नका, निदान पाच-सहा तक्ते होईपर्यंत तरी.

वेळेचं गणित असं ठेवा: पंधरा मिनिटं भिंतीवरची माहिती, पस्तीस मिनिटं गटाचं काम, वीस मिनिटं गटांनी एकमेकांचे कागद बघणं, मग पट्ट्या काढायच्या आणि उरलेल्या वेळात चर्चा. पट्ट्या काढल्यावर मोठा कल्ला होतो, त्याला वेळ राखून ठेवा. मालक कोण, जाहिराती कोणाच्या, हा विषय मुलं याच वेळी काढतील. त्याआधी तो येऊ देऊ नका. आधी मालकी कळली की मुलं तक्ता मालकीला जुळवून भरतात. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं प्रत्येक पेपरमध्ये कुठेतरी, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, छापलेली असतात. ती मुलांनाच शोधू द्या. त्याच पानावर सरकारी जाहिरात आहे का, तेही. जाहिरात आहे म्हणून बातमी मवाळ, असा थेट धागा जोडायला एक अंक पुरत नाही, हे त्यांना तक्त्यावरूनच कळेल: कुठे पानभर जाहिरात असूनही बातमी कडक असते.

दोन चुकीचे निष्कर्ष निघतातच. "सगळेच विकलेले" हा पहिला. तो निघाला की त्याच तक्त्यातून ज्यानं मागणी तिसऱ्या परिच्छेदाच्या आत दिली, आकड्याला हवाला दिला आणि चालणाऱ्या माणसाशी बोलला, तो पेपर पुढे काढा. असा एक तरी निघतो. दुसरा निष्कर्ष, सरकार आणि आंदोलक यांना निम्मी-निम्मी जागा दिली म्हणजे बातमी चांगली. वनहक्काचे दावे किती अडकलेत हा कागदावर तपासता येणारा प्रश्न आहे. तिथे मंत्र्याचं एक वाक्य आणि नेत्याचं एक वाक्य समोरासमोर ठेवणाऱ्या बातमीदारानं तपासायचं काम टाळलेलं असतं.

लाँग मार्चच्या बाबतीत शेवटचं एक काम आवर्जून द्या. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं आश्वासन होतं. म्हणून सप्टेंबर २०१८ ची फाइल काढा आणि १० ते २० तारखेत त्याची आठवण करणारी बातमी शोधा. सापडली तर कोणत्या पानावर, किती कॉलम सेंटिमीटर, ते १३ मार्चच्या आकड्याशेजारी लिहा. नंतर फेब्रुवारी २०१९ बघा, आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून नाशिकहून मोर्चा पुन्हा निघाला आणि चर्चेनंतर थोड्या अंतरावरच थांबला. मार्च २०२३ ला दिंडोरीहून निघालेला मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदपर्यंत आला. तीन वेळच्या बातम्या एका ओळीत लावल्या की ‘विजय’, ‘यशस्वी तोडगा’ असे मथळे कोणत्या वेळी छापले आणि मधल्या काळात कोण गप्प होतं, हे बघता येतं.

टेबलावरच्या मोठ्यांसाठी वेगळं सत्र घेऊ नका, ते येणार नाहीत. मुलांचे तक्ते वाचनाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावा. वाद सुरू झाला की "कितव्या परिच्छेदात?" एवढंच विचारा.

कोणी म्हणालं की अमुक बातमी धडधडीत खोटी आहे, तक्रार करू या, तर रीत अशी. तक्रार मांडणीची नको, चुकीच्या माहितीची हवी. "आम्हाला वाईट दाखवलं" ही तक्रार टिकत नाही. "परवानगी होती, तुम्ही नव्हती असं छापलं, हे परवानगीचं पत्र" ही टिकते. आधी संपादकाला लेखी कळवून खुलासा मागायचा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं. दैनिक आणि साप्ताहिकासाठी बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, त्यामुळे संपादकाच्या उत्तराची वाट पाहण्यातच ती मुदत घालवू नका. परिषद ताकीद देते, निषेध नोंदवते, दंड करू शकत नाही. टीव्ही चॅनेल परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या बाबतीत आधी चॅनेललाच लिहायचं आणि मुदत फार लहान असते, प्रसारणापासून सात दिवस धरून चला. वेबसाइटवरची बातमी दिवसभरात बदलते, म्हणून वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. आणि वर्तमानपत्राचा मूळ अंक कोणालाही फाडू देऊ नका, झेरॉक्सवर वाचनालयाचा शिक्का आणि तारीख टाकून द्या.